फोकस मागे आहे

सकाळचे सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका रोलिंग मिलच्या गेटाबाहेर धर्मपाल गजभियेने भिंतीवर पांढरी चादर ठोकली होती आणि तिच्यापुढे प्लास्टिकचं स्टूल मांडलं होतं. सातची पाळी लागायच्या आत ठेकेदाराच्या बावीस नव्या मजुरांचे गेटपाससाठी फोटो काढायचे होते. चादर पांढरी होती हे धर्मपालला आठवत होतं म्हणून पांढरी म्हणायची. उरल्याच्या धुळीने आपलं काम केलं होतं.

तेराव्या मजुराला कॅमेरा थिजला. धर्मपालने बॅटरी काढली, फुंकली, परत घातली आणि कॅमेऱ्याच्या बुडावर तळहाताने चापट मारली. कॅमेरा जागा झाला.

"बच्चा है क्या? मार खाए बिना उठता नहीं," स्टुलावरचा मजूर म्हणाला.

"बच्चा नहीं, रिटायरमेंट वाला आदमी है," धर्मपाल म्हणाला. "सीधा बैठ."

धर्मपालचं वय बावन्न. वडील भंडाऱ्याकडून आले आणि रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात लागले. मुलानेही तिथेच लागावं अशी त्यांची इच्छा होती. मुलाने शेजारच्या बीरगांवात फोटो स्टुडिओ टाकला आणि वडील तीन वर्षं त्या दुकानाकडे पाहायचे नाहीत. समोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे. पुढे काही वर्षांनी राज्य नवं झालं. रायपूर राजधानी झालं आणि एका वर्षात गावातल्या प्रत्येक माणसाला कुठल्या ना कुठल्या नव्या अर्जावर फोटो चिकटवायची वेळ आली. जुन्या राज्याचे कागद जुन्या राज्यात राहिले. धर्मपालने त्या वर्षी माणसं अशी बसवली की सकाळी लावलेले दिवे तो फक्त जेवायला विझवायचा. वडीलही एकदा रांगेत उभे राहिले. पेन्शनच्या कागदाला तीन प्रती हव्या होत्या.

त्याला आता सोळा वर्षं झाली. हल्ली लोक अर्जाचे फोटो मोबाइलवर काढतात. धर्मपालकडे उरली आहेत मिलची गेटं आणि लग्नं, तीही मुख्यतः बीरगांवच्या विहारात लागणारी.

विहारातल्या लग्नाची गोष्ट फोटोग्राफरच्या दृष्टीने अवघड आहे. त्रिशरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, हार, फुलं, संपलं. बौद्धाचार्य घाईत असले तर वीस मिनिटं. बाकीच्या लग्नांत चुकलेला क्षण तासाभराने दुसऱ्या रूपात परत येतो. इथे येत नाही. रायपुरातल्या शंकर नगरच्या एका मोठ्या स्टुडिओची तीन पोरं एकदा ड्रोन घेऊन विहारात आली होती. पाहुणे जेवून हात धुवत होते तेव्हा त्यांच्यातल्या एकाने वधूच्या मामाला विचारलं, "फेरे कितने बजे हैं, अंकल?"

हा किस्सा धर्मपाल पाच वर्षं रंगवून सांगायचा. डिसेंबरात त्याने सांगणं बंद केलं, कारण त्याच्यावर दुसरा किस्सा झाला. विहारातल्या एका लग्नात त्याचा कॅमेरा त्रिशरणाला थिजला तो थेट पंगतीत उठला. धर्मपालने हार पुन्हा घालायची विनंती केली. नवरदेवाच्या तोंडात लाडू होता आणि बौद्धाचार्यांना बिलासपूरची गाडी गाठायची होती. त्या अल्बममध्ये पहिल्या पानावर वधू रिक्षातून उतरते आणि दुसऱ्या पानावर वरण वाढतात. बीरगांवात तेव्हापासून म्हणतात, धर्मपालकडे लग्न नाही निघत, जेवण निघते.

दुरुस्तीवाल्याने निदान सांगितलं होतं. शटर थकलं आहे, सुटा भाग यायला महिना लागेल. आणि या रविवारी अंजनाबाई मेश्राम यांच्या मुलीचं लग्न होतं.

अंजनाबाई एका स्टील प्लांटच्या हजेरी विभागातून निवृत्त झाल्या. तीस वर्षं माणसं मोजल्यामुळे त्यांचा कोणाच्या शब्दावर विश्वास नाही, फक्त हजर असलेल्यावर आहे. बुधवारी त्या दुकानात आल्या.

"जय भीम, मावशी. बसा."

"जय भीम. बसाले नाही आली. तुह्याजवळ कॅमेरे किती?"

"एक हाय. पण चांगला हाय."

"चांगला हाय तं डिसेंबरात काय झोपला होता?" अंजनाबाई म्हणाल्या. "दोन पायजे. शनिवारी सांजच्याले मले दोन्ही दाखव, गळ्यात लटकवून. नाही तं शंकर नगरवाल्याले फोन करतो. फेरे नाही म्हणून मी त्याले आधीच सांगून ठेवतो."

म्हणजे पणाला काय लागलं होतं ते स्पष्ट होतं. अंजनाबाईंच्या घरचं लग्न ज्याने काढलं, त्याच्याकडे पुढच्या दोन वर्षांची विहारातली लग्नं जातात. त्यांनी ज्याला काढलं, त्याच्याकडे मिलची गेटं उरतात.

नवा कॅमेरा घेण्याची धर्मपालची ऐपत नव्हती आणि दुसरा कॅमेरा म्हणून नवा घेणं त्याला मूर्खपणाही वाटत होता. त्याला हवा होता एक मधल्या दर्जाचा, चार-पाच वर्षं वापरलेला डीएसएलआर. वेळेला उठेल इतकाच. फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन जाहिराती होत्या. एकाला लेन्स नव्हती. दुसऱ्याचा मालक फोनवर म्हणाला, "पानी में गिरा था भैया, पर पानी साफ था." तिसरा शंकर नगरात होता.

गुरुवारी दुपारी धर्मपाल तिथे पोचला. विकणारा विशाल देशकर, वय सव्वीस, एका ऑफिसात कामाला, रविवारी पक्ष्यांचे फोटो काढणारा. आजोबा अकोल्याकडचे, रेल्वेतले. घरात आई राधिकाबाई मराठी बोलायच्या, मुलगा मराठी समजायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा. त्याने मोठा कॅमेरा घेतला होता म्हणून हा काढायचा होता. कॅमेरा डबीतल्या बांगडीसारखा ठेवलेला. रबर उचकटलेलं नाही, काचेवर बुरशी नाही, धूळ नाही. पंचवीस हजार फोटो झालेत असं विशाल म्हणाला, आणि कॅमेऱ्यातला आकडाही तोच निघाला. धर्मपालला इतकं निर्मळ प्रकरण पाहून संशय आला.

"अंकल, एक बात पहले बता देता हूँ," विशाल म्हणाला. "इसका फोकस पीछे है."

धर्मपालचा संशय फिटला. असतंच काहीतरी. फोकस मागे पडणं हा धंद्यातला नावाजलेला आजार आहे: तुम्ही नवरीच्या डोळ्यावर रोखता आणि साफ येतो मागचा पडदा.

"किती मागं?" त्याने विचारलं.

विशालला प्रश्न विचित्र वाटला. "पूरा पीछे," तो म्हणाला.

धर्मपालने राधिकाबाईंना व्हरांड्यात उभं केलं. चष्मा काढून डोळा लावला, बोटाने बटण अर्धं दाबलं, धूसर दिसलं त्याचा दोष काढलेल्या चष्म्याला दिला आणि फोटो काढला. लेन्स घरघरली नाही. नव्या लेन्सा आवाज करत नाहीत हे त्याने ऐकलं होतं. मग पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. राधिकाबाई धुक्यातून येत होत्या. त्यांच्या मागे, फाटकाला टेकवलेल्या सायकलच्या तारा मोजता येत होत्या.

"खरंच मागं हाय," तो म्हणाला. त्याला पोराच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं. कॅमेरा परत ठेवला, चहा घेतला आणि निघाला. विशालला काहीच कळलं नाही.

शुक्रवार फोन करण्यात गेला. साफ पाण्यात पडलेला कॅमेराही तोवर विकला गेला होता. शनिवारी सकाळी धर्मपाल घरी भिंतीवर बोटांनी मापं घेत उभा होता.

"काय करून राहिले?" त्याची बायको शेवंता हिने विचारलं.

"त्या कॅमेऱ्याचा फोकस मागं पडून राहिला. समज आपण नवरीच्या दोन फूट अलीकडे रोखला, तं नवरीवर येईन."

"अलीकडे काय राहते?"

"काही नाही राहत. हवा."

"मंग हवेवर कसे रोखान?"

धर्मपालने मापं थांबवली.

"आणि नाही जमलं तं?" शेवंता म्हणाली. "नवरा-नवरीच्या मागं काय राहते? मूर्ती राहते. बुद्ध साफ येईन, ते दोघं धूसर. बौद्धाचार्य तं खूश होतीन. म्हणतीन, संसार असाच असते."

"अंजनाबाईले सांगतो तुह्यं."

"सांगा. अन् कपाटातला तो बंद पडलेला जुना डब्बा बी लटकवून जा गळ्यात. तिले दोन दिसले म्हणजे झालं."

हा विचार धर्मपालच्या मनात गुरुवारीच येऊन गेला होता. तो त्याने कबूल केला नाही. बंद कॅमेरा गळ्यात घालून तो डिसेंबरात एकदा उभा राहिला होता, तेवढं पुरे होतं.

दुपारी एक वाजता तो पुन्हा शंकर नगरात होता. ठरवून आला होता: आजार मान्य करायचा आणि त्याची किंमत कापायची.

"फोकस पीछे है, तो कम करना पड़ेगा," त्याने सुरुवात केली.

"कम क्यों, अंकल? पीछे है, यही तो इसका फायदा है."

"मागं असल्याचा कायचा फायदा?"

"बर्ड के लिए सब लोग पीछे ही रखते हैं."

धर्मपालने यावर विचार केला. पक्षी उडून पुढे जातो, फोकस मागे राहतो, यात फायदा कोणाचा? कदाचित पक्ष्याचा. "बेटा," तो शांतपणे म्हणाला, "मी लग्न काढतो. माह्यी नवरी उडत नाही."

"तो आगे कर दूँ?"

"असा आगे-मागे होते काय? कंपनीत पाठवा लागते."

"कंपनी में क्यों? दो मिनट का काम है."

"दोन मिनिटाचं होतं तं गुरुवारी काहून नाही केलं?"

"आपने बोला ही नहीं!"

आवाज वाढले तशा राधिकाबाई आतून आल्या. हाताला कणीक होती. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि आधी मुलाकडे पाहिलं, मग धर्मपालकडे.

"भाऊ, तुम्ही काय समजले?"

"ताई, याचा फोकस मागं पडते. तुमचा फोटो धुकट आला, सायकल साफ आली. मी पाह्यलं ना."

"मागं पडत नाही हो. मागं ठेवला आहे यानं. मागं बटण आहे, ते अंगठ्यानं दाबा लागते, तवा फोकस होते. पुढच्या बटणानं नुसता फोटो निघते." त्यांनी कणकेचा अंगठा हवेत दाबून दाखवला. "मले माहीत आहे ना. याच्या वाढदिवसाले यानं मले फोटो काढाले लावला. केक धूसर, हा धूसर, मागचं कॅलेंडर साफ. तारीख तेवढी वाचता आली. वरून मलेच बोलला."

धर्मपालने कॅमेरा उचलला. मागे, उजव्या कोपऱ्यात, अंगठा आपोआप पडतो त्या जागी एक बटण होतं. त्याने ते दाबलं. लेन्स बारीक आवाज करून हलली. राधिकाबाईंच्या भुवईवरचं पीठ दिसलं.

विशाल म्हणाला, "मैंने तो पहले दिन ही बोला था, पीछे है."

"पीछे *बटन* है, असं बोलाचं होतं," धर्मपाल म्हणाला. "एक शब्द खाल्ला तू, अन् दोन दिवस गेले माह्ये."

"आप भी तो चाय पीके चुपचाप चले गए."

हे खरं होतं. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने मागचं एक बटण विचारलं नाही, कारण आजाराचं नाव त्याला आधीच ठाऊक होतं.

"तं आता कमी नाही होणार, भाऊ," राधिकाबाई म्हणाल्या. "आजारच नाही."

कमी झालं नाही. विशालने फोकस पुढच्या बटणावर आणून दिला. धर्मपालला तसाच हवा होता. बोटाला तीस वर्षांची सवय होती आणि लग्न वीस तासांवर आलं होतं, अंगठ्याची शाळा काढायला ही वेळ नव्हती. तरी फाटकाबाहेर स्कूटरवर बसून त्याने सायकलचे चौदा फोटो काढले आणि प्रत्येक मोठा करून पाहिला.

संध्याकाळी साडेपाचला तो अंजनाबाईंच्या अंगणात हजर झाला, गळ्यात दोन कॅमेरे, एकमेकांवर आपटणारे. मांडववाले खांब रोवत होते. अंजनाबाईंनी दोन्ही कॅमेरे हातात घेऊन वजन पाहिलं.

"हा नवा लहान काहून हाय?"

"नवे लहानच येते, मावशी."

"कोणाचा मांगून आणला तं नाही?"

"विकत घेतला. पावती हाय."

"पावती राहू दे. माह्या फोटो काढ. याच्यानंच."

त्या खांबाशेजारी उभ्या राहिल्या, हसल्या नाहीत. धर्मपालने बोटाने बटण अर्धं दाबलं, थांबला, पूर्ण दाबलं आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. अंजनाबाईंनी चष्मा वर सरकवला. फोटोत त्यांच्या गालावरची प्रत्येक सुरकुती हजर होती, एकही गैरहजर नाही. मागचा खांब धूसर होता.

"एवढं साफ कोणी सांगतलं होतं तुले?" त्या म्हणाल्या.

"दुसऱ्यानं काढू?"

"राहू दे. उद्या पोरीचे असेच काढ. माह्ये जुन्या डब्ब्यानं काढजो." मग त्यांनी फोन उघडला आणि शंकर नगरच्या स्टुडिओला हिंदीत सांगितलं की गरज नाही, माणूस मिळाला आहे.

धर्मपालने घरी जाऊन चार बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. उद्या रविवार. विहाराचं दार सकाळी साडेसातला उघडतं, आठला सामुदायिक वंदना होते, आणि त्यानंतर लग्नासाठी सतरंज्या अंथरतात.