रांगेतलं मूल

आम्हा बाहेरून आलेल्या लोकांना एक खोड असते. कुठंही गेलो की आधी नंबर लावून ठेवायचा. पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी लावला, फॅमिली डॉक्टरसाठी लावला. मी तर त्यात जरा जास्तच उतावळा. त्यामुळे सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले त्याच दुपारी मी गार्डरीच्या सरकारी यादीत त्याचा नंबर लावला. आमच्या ब्रॉसार्ड गावात स्वस्त सरकारी पाळणाघराची जागा मिळवायची तर लोक बाळ पोटात असतानाच नंबर लावतात. नावाचा रकाना मी रिकामा सोडला आणि अपेक्षित जन्मतारीख भरली. मीटिंगमध्ये माझा फोन बंद असतो म्हणून दुसरा पालक म्हणून बायकोचा नंबर आणि ईमेल दिला.

"बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!" सोफ्यावर आडवी झालेली बायको हसत म्हणाली. "ऑलरेडी अप्लाय केलंस? आठवा आठवडा आहे रे!"

पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी बजावलं होतं, तीन महिने कुणाला सांगू नका, घरात काही आणू नका, रिकामा पाळणा हलवू नये.

"आई, आणलं काहीच नाही," मी म्हटलं. "नंबर तेवढा लावलाय."

त्या हसल्या नाहीत. "तेही आणणंच झालं, जावईबापू," म्हणाल्या आणि विषय बदलला.

मूल आम्हाला हवं होतं, पण आमच्याहून जास्त घाई सरकारलाच असावी असं मला वाटायचं. मूल व्हावं म्हणून केलेल्या आयव्हीएफ उपचाराचा खर्च सरकारने उचलला होता, वयाची अट घालून आणि एकदाच. आईला रजा, बापाला रजा, मूल झालं की भत्ता. कुणी इतकं आर्जव करायला लागलं की मला धास्ती वाटते. आमच्या रस्त्यावर सगळी म्हातारी माणसं. हॅलोविनला चॉकलेटचं भांडं भरून दारात ठेवायचो आणि आठवडाभर ती चॉकलेटं आम्हीच खायचो. शेजारच्या आजींच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी फावड्याने काढायचो तेव्हा त्या दार किलकिलं करून विचारायच्या, मुलं कधी? एकदा म्हणाल्या, "लवकर करा. नाहीतर आम्हाला उचलून बसवणार कोण?" त्या हसत होत्या. मला त्यांचा राग आला होता, आणि तरी मी त्यांच्या पायऱ्याही साफ करून दिल्या.

दहाव्या आठवड्यात ठोके थांबले.

क्लिनिकमधल्या बाई फार हळू आवाजात बोलल्या. सरकारी खर्चाचा उपचार एकदाच मिळतो, तो झाला होता. आणि पुन्हा त्यातून जायची बायकोची तयारी नव्हती. परत येताना पुलावर गाडी अडकली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गार्डरीतून काढून टाक."

घरी आल्यावर मी लॅपटॉपवर गार्डरीच्या यादीतली आमची फाइल उघडली. काढून टाकण्याचं कारण विचारलं होतं. दुसरीकडे जागा मिळाली, घर बदललं, असं बरंच काही होतं आणि शेवटी 'इतर'. माझं बोट तिथं गेलं आणि थांबलं. मी लॅपटॉप मिटला, स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हटलं, "काढलं." लग्नानंतर तिच्याशी मी एवढं मोठं खोटं कधी बोललो नव्हतो.

मग ईमेल येऊ लागल्या. जागा अजून हवी आहे का? ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर दिलं नाही तर फाइल आपोआप बंद होणार. मी दर वेळी 'हो' दाबायचो. अपेक्षित जन्मतारीख उलटल्यावर विचारलं गेलं, जन्म झाला का? मी तिथंही हो म्हटलं. त्यानंतर फाइलमध्ये वय दिसायला लागलं. दोन महिने. पाच महिने. आमच्या मागे रांगेत कुणाचं तरी खरं मूल ताटकळत असेल हे मला कळत होतं. मला त्याची लाज वाटायची, पण त्याहून मोठी भीती बायकोची होती. त्या दिवसांनंतर ती जेमतेम उभी राहिली होती, माझ्या शब्दावर विसंबून. हे कळलं असतं तर ती माझ्याजवळ राहिली नसती, असं मला खरोखर वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात वडील आजारी पडले म्हणून मी महिनाभर नागपूरला गेलो. त्या धावपळीत उत्तराची तारीख निघून गेली. परतल्यावर लक्षात आलं तेव्हा रडू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. खात्री करायला फाइल उघडली. ती चालूच होती. वय, अकरा महिने. सरकारी काम आणि सहा महिने थांब, बंद करायलाही यांना वेळ नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पण अंगावर काटा आला होता. त्यानंतर बेसमेंटमधल्या माझ्या ऑफिसात एकटं बसायला मला नको वाटायचं.

काल शुक्रवारी आम्ही दोघंही घरूनच काम करत होतो. जेवायला बसलो तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवला. एक बाई उत्साहाने फ्रेंचमध्ये बोलत होत्या. गार्डरीतून बोलतेय. अभिनंदन, सप्टेंबरपासून तुमच्या बाळासाठी जागा आहे.

माझा घास हातातच राहिला. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या बाईंनी विचारलं, बाळ चालायला लागलं का? अगदी लहानांची खोली वेगळी असते, म्हणून विचारतेय.

"नाही," बायको तिच्या क्लासमध्ये शिकलेल्या फ्रेंचमध्ये शांतपणे म्हणाली. "अजून नाही."

सोमवारपर्यंत कळवा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. बायकोने माझ्या ताटात आणखी थोडा भात वाढला. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तू नागपूरला होतास तेव्हा तुझं उत्तर गेलं नाही म्हणून मलाही ईमेल आली," ती म्हणाली. "शेवटचा दिवस होता, आणि तू विसरला होतास. मग मीच 'हो' दाबलं."