कट-ऑफला बांधलेलं लिंबू

टेमघरला आमच्या दारात कापडाच्या गाठी वाहणारा टेम्पो उभा असायचा. त्याला यांनी कट-ऑफ बसवून घेतला, म्हणजे बॅटरीचा करंट तोडणारा लाल चावीचा स्विच. "हा गाडीचा जीव हाय," असं आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. बायकोला कधी एवढं मिरवलं नव्हतं!

त्या जिवाला नजर लागू नये म्हणून दसऱ्याला मी लिंबू-मिरची थेट स्विचलाच बांधली. दोरा कुजतो, म्हणून गाठी बांधायची जाड तार घेतली. एक टोक स्विचमागच्या बोल्टला पिळलं, दुसरं लोंबतं सोडलं.

नारळ फोडून यांनी गाडी सुरू केली. गाडी थरथरली आणि लोंबतं टोक खालच्या लोखंडाला टेकलं. तडतड ठिणग्या उडाल्या, तार लालबुंद झाली, तिथं साचलेल्या सुताच्या भुग्यानं पेट घेतला. यांनी उडी मारून चावी फिरवली. चावी बंद, तरी तार जळतेच आहे! शेवटी यांनी ती हातानंच ओढून काढली. करपल्या कातडीचा वास अजून माझ्या नाकात आहे.

दुपारी इलेक्ट्रिशियन आला. "भाभी, तार बैटरी की तरफ के बोल्ट पे थी. चाबी उसके आगे का करंट काटती है. स्विच गाडी को बचाएगा, स्विच को कौन बचाएगा?" त्यानं बोल्टांवर रबरी टोप्या चढवल्या, बॅटरीजवळ फ्यूज बसवला.

सासूबाईंनी मात्र आळीभर सांगितलं, "लिंबानं माज्या पोरावचा घात आपल्यावर घेतला गो, न्हाय तं पोर गेलाच व्हता!" मीही मेली मान डोलवत राहिले. माझी चूक झाकली जात होती ना.

शनिवारी सासूबाई नवं लिंबू घेऊन आल्या, तसल्याच तारेत ओवलेलं. यांनी डावा हात पुढं केला. उजव्याला पट्टी होती. मी मध्येच हात आडवा घातला.

"देऊ नका, आई! लिंबानं वाचवलं नाही यांना. हात माझ्या तारेनं जाळला!"

यांनी सासूबाईंच्या हातातून लिंबू घेतलं. लिंबातली तार काढायला लागले, पण उजवी मूठ मिटेना. मग ते लिंबू त्यांनी माझ्यापुढं धरलं.

"तूच काढ," म्हणाले, "आन् दोरा आन."