हाच डावा

आमच्या गल्लीत बोलवा आहे की वासराला सुरी लावण्याआधी मावशी त्याच्या कानात मंत्र पुटपुटते. दूधवाल्याची बायको तर शपथेवर सांगते. तो मंत्र मी ऐकलाय आणि हुबेहूब करूनही दाखवते, नाकातून, खालच्या पट्टीत: "डावा. हाच डावा. पट्टी बांधलेला डावा."

मावशी गुरांची डॉक्टर. काही वासरं मागच्या गुडघ्याची वाटी निसटलेलीच जन्माला येतात. पाय सरळ होत नाही, उभं राहता येत नाही, मग आचळापर्यंत तोंड पोचायचं कसं? मावशी बाहेरची ताणलेली बाजू सैल करते, आतली ढिली बाजू दुमडून टाके घालते, ढगळ पँटची कंबर आत घ्यावी तशी. वाटी खोबणीत बसते.

एकदा वासरू उताणं टाकलं, डाव्याचं उजवं झालं आणि तिने चांगला गुडघाच उघडला. ते जगलं, पण लंगडतच. तेव्हापासून दुखऱ्या पायाला आधीच पट्टी. आणि तेव्हापासून प्रत्येक मालकाला ती हे आपणहून सांगते, मान खाली, नजर मोरीच्या जाळीवर. तो आवाज मात्र माझ्या गळ्यातून निघत नाही.

परवा एक गवळी वासरू खांद्यावर टाकून आला. मी मावशीला आत ओढलं.

"आज नको ना सांगूस. उचलून नेईल."

"नेऊ दे."

"आणि उपाशी मेलं म्हणजे? इथे दुसरं कोण करतंय हे?"

"कळतं गं मला." ती हात घासत राहिली. "पण लपवून सुरी धरली की हात चालत नाही."

"नेणारच तो. लाव पैज."

"लावली. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

तिने सांगितलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.  गवळ्याने वासरू उचललं आणि दाराकडे वळला. पैज जिंकत होते, तरी त्याने परत फिरावं असं वाटत होतं.

दाराशी उजेड होता. तिथे त्याने वासरू टेकवलं, दोन्ही गुडघे सावकाश चाचपले.

"पट्टी आणा, डॉक्टरबाई. मीच बांधतो. तुमचा काय भरवसा?"

मावशी हसली नाही. पट्टी देतानाही तिने मान वर केली नाही. त्या दिवशी मंत्र मात्र दोघांनी मिळून म्हटला.

वासरू आता आईला ढुशा देतंय. माझं तोंड महिनाभर बंद. हातांबद्दल काही ठरलं नव्हतं, म्हणून ही नक्कल लेखी.