डिकीत ठेवलेला देव

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. भीती मात्र होती. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा, आणि पूजेशिवाय तोंडात घास नाही, ही घरची रीत. कोल्हापुरात आमची गुळाची अडत होती. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास ती मी दारूपायी निम्म्यावर आणली होती. दारू सोडायची शपथ मी या लिंगावर हात ठेवून तीनदा घेतली. दोनदा मोडली. तिसऱ्यांदा मोडायला मन धजेना आणि पिणं तर सुटेना. मग व्यापारी डोक्याने वाट काढली. लिंग अंगावर असताना प्यायचं नाही, एवढाच शपथेचा अर्थ धरायचा. बारसमोर स्कूटर लावायची, डबी काढून डिकीत पान्यांशेजारी ठेवायची आणि आत जायचं. लिंग अंगावेगळं करणं हेच आमच्यात मोठं पाप, पण देव बाटू नये म्हणून मी केवढा जपतो, असंच मला वाटायचं. हसू नका, दोन वर्षं मी हे मनापासून केलं.

एका गुरुवारी सकाळी जाग आली तेव्हा गळा मोकळा होता. आदल्या दिवशी स्कूटर पंक्चर झाली, म्हणून ती बारसमोरच्या दुकानात टाकून मी रिक्षाने घरी आलो होतो, एवढं आठवत होतं. डबी मात्र डिकीतून काढून गळ्यात घातल्याची माझी पक्की खात्री होती. लिंग हरवलं तर ते सापडेपर्यंत अन्न वर्ज्य. माझं एक वेळ ठीक, पण माझी आई, आमची अव्वा, पंचाहत्तरीची, मधुमेहाच्या गोळ्या घेणारी. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "तुझ्या गळ्यात लिंग न्हाय, तर माझ्या पोटात बी काय न्हाय." तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. मी अडतीत ढेपांच्या मागे शोधलं, रिक्षा स्टँडवर चौकशी केली. दुपार झाली. पाय दुखायला लागले म्हणून निदान स्कूटर तरी घ्यावी, या विचाराने मी पंक्चरच्या दुकानात गेलो.

दुकानदाराचं नाव दिनकर, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने आधी हात धुतले आणि फळीवरून धुतल्या कापडाची घडी खाली काढली. आत माझी डबी होती. पाना शोधताना सापडली म्हणाला. माझे डोळे भरून आले. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"पावणं, रोज बघतोय मी. देवाला भाईर ठेवून तुम्ही आत जाताय. मग आत तुमच्यासंगं कोण हाय?"

मला राग आला. पुढे तो म्हणाला की तोही असाच पीत होता, सुटून सहा वर्षं झाली, आणि सुटलेले काहीजण दर गुरुवारी सहाला जवळच्या शाळेत जमतात, त्यात मीही यावं. बघू म्हणालो आणि निघालो.

घरी लिंग धुऊन पूजा केली आणि दोरा तुटून डबी अडतीतच पडली होती, असं सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, मी अव्वाच्या नजरेला नजर दिली नाही. पारूने, माझ्या बायकोने, ताट वाढलं. अव्वाने ते बाजूला सारलं. भूक नाही म्हणाली. लिंग सापडलं होतं, तरी ती जेवेना. मीही न जेवता ताटावरून उठलो.

सहाला मी शाळेत गेलो. मुलांच्या छोट्या बाकांवर दहा-बारा मोठे बाप्ये गुडघे वर करून बसले होते. माझी पाळी आली तेव्हा मी छातीवरच्या डबीवर हात ठेवून जन्मभर न पिण्याची शपथ घ्यायला निघालो. कुणाला तिचं कौतुक वाटलं नाही. "शपथ नगं," दिनकर म्हणाला. "आज पिऊ नका. उद्याचं उद्या बघू." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझी शपथ परत केली होती. मग खरं तेच तोंडून निघालं, डिकीपासून सगळं. कुणी हसलं नाही. कबनूरचा एक यंत्रमाग कामगार हळूच म्हणाला, "मी जोतिबाचा फोटू भिंतीकडं फिरवून ठेवायचो." त्या बाकावर मी हमसून हमसून रडलो.

तिथून थेट घरी गेलो आणि अव्वासमोर बसून सगळं सांगितलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुझ्या दोऱ्याला दोन वर्सं पेट्रोलचा वास येतोय की."

मग सकाळीच का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

"तू कवा बोलतोस, तेच बघत हुते." आणि आत वळून म्हणाली, "पारू, वाढ आता दोघांस्नी."

तेव्हापासून मी गुरुवार चुकवलेला नाही. पहिले सहा महिने फार कठीण गेले. दोनदा बारच्या दारातून परत फिरलो, गळ्यातली डबी गळ्यात ठेवूनच. त्या दिवशी दिनकरच्या हातून लिंग परत आलं, तो योगायोग होता की देवाची कृपा, याचा कीस मी काढत नाही. माझ्या शपथांनी जे जमलं नाही, ते शपथ सोडल्यावर जमलं, एवढं खरं. अव्वा जाऊन बरीच वर्षं झाली. आज दिवसभर मी प्यायलो नाही. उद्याचं मी गळ्यातल्या देवावर सोपवलं आहे.