अडकलेले पाय आणि बॅटरीची सायकल

ईद झाल्यानंतरचा पहिला रविवार. मी माहेरी चिकलठाण्याला आले होते, आणि सकाळी गेटपाशी अब्बांचे पाय पुन्हा अडकले...

अब्बांना कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. हाताची थरथर सगळ्यांना दिसते, पण खरा त्रास पायांचा. चालता चालता उंबरा आला, गेटची पट्टी आली, की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अंग पुढं जातं, पाय मागंच राहतात... असेच ते मागच्या हिवाळ्यात पडले. तेव्हापासून अम्मी त्यांना एकट्याला अंगणातसुद्धा सोडत नाही.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ सलीम त्याची इलेक्ट्रिक सायकल घेऊन बाहेर निघाला. शुगर वाढल्यावर डॉक्टरांनी त्याला रोज व्यायाम सांगितला होता. ड्युटी करून आल्यावर जिमला जायचा जीव राहत नाही, म्हणून त्यानं बाईक घरी ठेवली आणि कंपनीत या सायकलनं जायला लागला.

पेडल आपणच मारायचं, मोटर फक्त हातभार लावते... त्यामुळं उन्हात, चढावर दम लागत नाही. शुगर आता बरीच आटोक्यात आहे. कंपनीच्या स्टँडवर सुरुवातीला त्याची एकट्याचीच असायची, आता चार्जिंगसाठी नंबर लावावा लागतो म्हणे.

अब्बांनी हँडलवर हात ठेवला. "बसू दे मला."

"नक्को," अम्मी आतूनच म्हणाली. "पडले तर?"

अब्बांनी हात काढला नाही. रिटायर होईपर्यंत बेगमपुऱ्यातल्या जुन्या घरातून इथल्या कारखान्यात रोज सायकलनं आलेला माणूस तो... सलीमला बघवलं नाही. "फक्त बसवतो, अम्मी. धरूनच ठेवतो."

सायकलचा मधला दांडा खाली वाकलेला, त्यामुळं पाय टाकायला सोपी. आम्ही दोघांनी धरून त्यांना कसंबसं सीटवर बसवलं. मोटर सगळ्यात कमीवर चालू होती... ती बंद करायचं सलीमच्या लक्षातच राहिलं नाही.

अब्बांनी पेडल दाबलं. मोटरनं अलगद ओढ घेतली... आणि अब्बा निघाले.

सलीम सीट धरून पळतोय, मी अनवाणी मागं... आणि पुढं अब्बांचे पाय फिरतायत. एकसारखे, न अडकता. जणू मधली सगळी वर्षं कुणी काढून घेतली होती. आमच्या इथल्या प्लॉटिंगचा रस्ता अजून रिकामाच असतो, त्याच्या टोकापर्यंत ते गेले आणि मोठा वळसा घेऊन परत फिरले. घरात पलंगाला वळसा घालायचा तरी त्यांना भिंत धरावी लागते...

"सोड आता," ते सलीमला म्हणाले.

"नाही सोडत, अब्बा."

"मग पळ."

गेटपाशी त्यांनी स्वतःच ब्रेक दाबला. आम्ही त्यांना उतरवलं... आणि पाय पुन्हा जमिनीला चिकटले. तोच माणूस, तेच पाय. आत्ता तर वाऱ्यासारखे फिरत होते. सलीम आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी अब्बांच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना फोन केला. त्यांना फारसं नवल वाटलं नाही. "चालणं अडकलेल्या काही पेशंटना सायकल जमते," त्या म्हणाल्या. "पेडलमुळं पायांना ताल मिळत असावा... मेंदूत नेमकं काय होतं, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

मग रागावल्याही. दोन चाकांवर पुन्हा बसवायचं नाही, पडले तर खुबा मोडेल. आधी डॉक्टरांना विचारा, तीनचाकी बघा, हेल्मेट घाला, आणि कुणीतरी सोबत हवंच.

डॉक्टर हो म्हणाले. आता घरात तीनचाकी इलेक्ट्रिक सायकल आहे. अब्बांना अवघड जाते ती सुरुवात, पहिला जोर... तो मोटर देते, पुढचं ते बघून घेतात. ऊन चढायच्या आत दोघं बापलेक आपापल्या सायकलवर निघतात.

आजार गेलेला नाही. गोळ्या त्याच, थरथर तीच. पण रात्री झोप लागते, भूक लागते, खुर्चीतून उठताना पूर्वीइतका आधार लागत नाही. माणसाच्या शरीरात कुठला दरवाजा बंद होतो आणि कुठला उघडा राहतो, कोण जाणे... एक उघडा राहिला आणि आम्हाला तो सापडला, याबद्दल अल्लाहचा शुक्र किती मानावा?

परवा शुक्रवारी मी पुन्हा तिथं होते. दोघं परत आले तेव्हा अब्बांच्या मागच्या टोपलीत गरम नान होते. भट्टीपाशी सायकल लावून त्यांनी स्वतः मागितले होते. सलीम मुद्दाम लांब थांबला होता.

अम्मीनं नान उचलले. ओढणीच्या टोकानं अब्बांच्या कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला... आणि मध्येच थांबली.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "मेहनतीचा आहे."