बाक जिथल्या तिथं

शाळेतले खडू संपतात, किस्से संपत नाहीत. पिंगळीच्या अलीकडं आमची शाळा होती, तिथं मी इंग्रजी शिकवायचो. सोडून किती वर्षं झाली! पण जुना कुणी भेटला की चहा निवून जातो आणि हे सुरू होतं.

आमच्या हेडसरांना 'मेरिट' या शब्दाचं भारी वेड. आठवीत त्यांनी नियमच काढला, प्रत्येक चाचणीनंतर मार्कांप्रमाणे बाक! वरच्या नंबराची मुलं-मुली फळ्यासमोर, तळातली मागं दारापाशी. "इथं वशिला नाही, जातपात नाही. ज्यानं त्यानं आपली जागा कमवायची!" आम्हालाही ते पटलं होतं.

पहिल्याच चाचणीत विठ्ठल तळाला गेला. मी म्हटलं, "लाज नाही वाटत?"

"कशाची, सर? मधल्या सुट्टीत पयला नंबर माझाच की!"

*

आबासाहेब गावातले मोठे बागायतदार. त्यांची मंदा पहिल्या बाकावरून चौथ्यावर गेली, तर दुसऱ्या दिवशी स्वारी ऑफिसात हजर.

"सर, नंबर ऱ्हाऊ द्या तसाच. बाक तेवढा फुडं घ्या!"

हेडसर हलले नाहीत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मंदानं महिनाभर रट्टा मारला आणि आपली जागा परत मिळवली. गुणी पोरगी होती.

*

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. स्टाफरूममध्ये जो तो शब्द तोलून बोलायचा, तरी कुणाची तरी जीभ घसरायचीच. गणिताला कांबळे सर नवीन आले होते. इतिहास शिकवायला होता हेडसरांचा सख्खा भाचा. डबा खाताना तो म्हणाला, "तुमचं बरंय कांबळे, राखीव जागा!"

मीही हसलो. त्याची आज लाज वाटते.

कांबळे सर भाकरी मोडत म्हणाले, "माझी जागा राखीव होती, ते पेपरात छापून आलं होतं. तुमची राखीव होती, ते फक्त मामांना माहीत होतं!"

हेडसर लोणच्यातली फोड शोधत बसले. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो भाचाच. पुढं दोघं एकाच डब्यात जेवायला लागले.

*

धनगराची रुक्मिण मुलींच्या रांगेत कायम शेवटी. दिवाळीनंतर घरचे मेंढरं घेऊन गंगाखेडच्या बाजूला नदीकाठी जायचे, हिची निम्मी शाळा बुडायची. त्या वर्षी बाप आधीच शाळेत येऊन सांगून गेला होता, "सहामाहीला पास झाली तर आजीपशी ठिवतो. न्हाईतर येईल मेंढरामागं."

मी फळ्यावर 'शीप' लिहिलं, मेंढी. हिनं वहीत उतरवलं ते भलतंच. मी ओरडलो, "मेंढरं राखतेस आणि मेंढी लिहिता येईना?"

"मेंढरू कितीबी लांबून वळखू येतंय, सर. तुमचं अक्षर न्हाई येत!"

स्टाफरूममध्ये मी हे रंगवून सांगितलं. सगळे पोट धरून हसले. कांबळे सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते रुक्मिणच्या बाकावर जाऊन बसले आणि मला म्हणाले, "या, बसा." खोली आगगाडीच्या डब्यासारखी लांब, फळ्याचा काळा रंग उडालेला. मला माझंच अक्षर वाचता येईना.

*

सहामाहीला पंधरा दिवस होते. कांबळे सरांनी स्टँडवरचा फळा उचलला आणि मागच्या दारापाशी नेऊन ठेवला. पोरं उलटी वळून बसली. तेवढ्यात हेडसर आले.

"कांबळे, हे काय? बाकांचा नियम माहीत आहे ना?"

"बाक जिथल्या तिथं आहेत, सर. फळ्याचा काही नियम असेल तर सांगा!"

पहिल्या बाकावरून, म्हणजे आता पार लांबून, मंदा रडवेली होऊन उठली. "सर, मला हितून कायच दिसंना!"

हेडसर कांबळे सरांकडं बघायला लागले, कांबळे सर हेडसरांकडं.

रुक्मिण आपल्या बाकावर कडेला सरकली आणि जागा हातानं पुसली.

"ये गं मंदे, माझ्यापशी बस. लय साफ दिसायलंय हितून!"