बोलावणं येईपर्यंत

अमिरातीतल्या फुजैरात आमच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक भाई राहतात. लिफ्ट उघडायच्या आतच ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई सुरू. पण सुट्टीत स्वतःच्या जुन्या शिडाच्या बोटीवर चढले की हाच माणूस वाक्य अर्ध्यावर सोडून पाण्याकडे बघत राहतो.

एका हिवाळ्यात त्यांनी आम्हा नवराबायकोला उत्तरेकडच्या एका खाडीत नेलं. तिथल्या गावाला समुद्राशिवाय वाट नाही. डोंगरांमधून आत शिरलो तेव्हा वारा पडला होता. पाणी इतकं नितळ, की बोट हवेत तरंगतेय असं वाटावं. पुढे खजुरीची झाडं, दगडी घरं. बायकोला वाटेत बोट लागली होती; ती जमिनीकडे डोळे लावून बसलेली.

काठावर बायका कपडे धूत होत्या. भाईंनी शीड उतरवलं, नांगर टाकला आणि गावाकडे पाठ करून बसले. मलाही खुणेनं वळवलं.

“अहो भाई, हिला बरं नाहीये!”

“वहिनी, थोडं सोसा,” ते हळूच म्हणाले. “परक्यांच्या अंगणात आहोत. बोलावणं येऊ द्या.”

मला रागच आला. पण ते डोळे मिटून शांत बसले होते. बोटीखाली पाणी चुळचुळत होतं.

बऱ्याच वेळाने वल्ह्यांचा आवाज आला. एक म्हातारी होडकं घेऊन आली होती. आम्हा पुरुषांकडे न बघता तिने बायकोचा हात धरला आणि तिला घेऊन गेली.

आम्ही दोघं नांगरावरच राहिलो. दुपारी काठावरून बायकोचं हसणं ऐकू आलं.

“खलास,” भाई म्हणाले, “पोचलो आपण.”